आपल्या झाडाचा दरवाजा

शेतात सागाचं रोप दिसलं की माझी आई ते उपटून टाकायची. धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, निंदायला बसली की तण उपटता उपटता तिचा हात आपसूक धुऱ्यावरच्या सागाकडे जायचा. गावातल्या सगळ्याच बायकांचा जायचा. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलकडच्या भागात साग लावावा लागत नाही. नाल्यापलीकडे जंगल, तिथलं बी वाहत येतं आणि शेताच्या हद्दीवरच्या उंच बांधावर, ज्याला आम्ही धुरा म्हणतो, तिथं रुजतं. नांगर तिथवर जात नाही, त्यामुळे रोप निवांत वाढतं. गुडघ्याएवढं असेपर्यंत ते आपलं आणि कमरेच्या वर गेलं की सरकारचं, अशी गावाची समजूत होती. मोठा साग शेतात उभा असला की साहेब लोक येतात, कागद मागतात, नसलेल्या गोष्टी विचारतात. म्हणून तो लहान असतानाच त्याचा निकाल लावायचा.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना आईचं पाहून एक रोप उपटलं. सागाचं कोवळं पान चुरगळलं की बोटं लाल होतात आणि तो रंग घासूनही लवकर जात नाही. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी माझी बोटं पाहिली आणि एक थप्पड ठेवून दिली. त्यांनी मला उभ्या आयुष्यात दोनदाच मारलं, त्यातली ही पहिली.

"झाड उपटते काऊन? कोणी शिकवलं तुले?"

शिकवणारी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

त्या वर्षी बाबांनी धुऱ्यावरची सात रोपं राखली. भोवती काट्या लावल्या आणि आईला बजावलं की यांना हात लावायचा नाही. आई म्हणाली, "ठेवा बापा. मोठे होतीन तं सरकार येईन न्यायले."

"सरकार काऊन नेईन? आपलं झाड आपलंच राहीन. कायदा आहे."

कायद्यावर बाबांचा भारी जीव. आम्ही बौद्ध. ज्या वस्तीतून बाबा आले, तिथल्या माणसाला शाळेत बसायला जागा मिळाली ती कायद्यामुळे, आणि पुढे त्याच शाळेत खुर्ची मिळाली तीही कायद्यामुळेच. सरकारी कागद घरात आला की ते आधी हात धुवायचे. कोणी सरकारची टिंगल केली तर ते उठून जात. मी पुढे अर्थशास्त्र शिकलो, सरकारनं कुठं कुठं हात घालू नये यावर तावातावानं बोलायला लागलो, तेव्हा ते माझं शांतपणे ऐकायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "मंग मले शाळेत कोण घेतलं असतं? बजार?"

साग वाढले. रविवारी बाबा शेतावर जायचे आणि एकेका झाडाला मिठी मारून पाहायचे. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना किती टेकतात यावर त्यांचं मोजमाप. तिसऱ्या झाडाला त्यांनी छातीइतक्या उंचीवर एक मोठा खिळा ठोकला होता. पिशवी टांगायला. पुढे झाडानं तो खिळा गिळला आणि तिथं एक गाठ उरली.

बाबा निवृत्त झाले तेव्हा बोटं टेकायची बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मातीचं घर पाडून विटांचं बांधायचं ठरलं. सिमेंट, विटा, पत्रे कशातच त्यांना रस नव्हता. त्यांना एकच गोष्ट हवी होती. समोरचा दरवाजा, चौकटीसकट, आपल्या सागाचा. त्यांच्या वडिलांच्या झोपडीला दार नव्हतं, ताटी होती; बांबूच्या कामट्यांची, सकाळी उचलून बाजूला ठेवायची आणि झोपताना पुन्हा लावायची. कुत्रंही नाकानं सरकवून आत यायचं. नोकरीत आसपासच्या गावांत बदल्या झाल्या, तितकी घरं झाली आणि तितके दुसऱ्यांचे दरवाजे. "आता आपल्या घराले आपल्या झाडाचा दरवाजा," ते म्हणाले. इतक्या साध्या मागणीत काही अडचण येईल असं मलाही वाटलं नाही.

वाटलं नाही, कारण तो काळच तसा होता. नव्वदचं दशक. मी वरोऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होतो. परवानाराज संपलं, परवानाराज संपलं, असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती आणि मी ते वर्गात फळ्यावर लिहीत होतो. चंद्रपूरला एका व्याख्यानमालेत मी मालकी हक्कावर बोललो. ज्याच्या नावावर वस्तू आहे त्याला ती विकायची, मोडायची, जाळायची मुभा असली पाहिजे, तरच माणूस वस्तू जपतो, वगैरे. टाळ्याही पडल्या. गावी आलो तेव्हा बाबांच्या हातात परवानगीचा अर्ज होता. मी म्हणालो, आणा, मी लिहितो. दोन झाडं तोडायची परवानगी, घरगुती वापरासाठी. मी झोकात सही करून घेतली त्यांची.

अर्ज परत आला. सातबाऱ्यावर झाडांची नोंद नव्हती. बाबांनी तलाठ्याला कधी सांगितलंच नव्हतं. ज्या माणसानं गावातल्या प्रत्येक मुलाची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर नीट लिहिली, त्याला स्वतःची झाडं लिहून घ्यायची असतात हे सुचलं नाही. "झाड तं उभं आहे. उभ्या झाडाले लिहाचं काय?" ते म्हणाले. नोंद व्हायला एक वर्ष गेलं.

मग मोजणी. झाडं नक्की शेतातच आहेत याचा पुरावा हवा होता. मोजणीदार आला, त्यानं नकाशा पसरला, साखळी ओढली आणि डोकं खाजवलं. सातही झाडं धुऱ्यावर आणि धुरा म्हणजे हद्द. पलीकडे नाला, नाल्यापलीकडे वनखात्याची जमीन. नाल्यानं किती वेळा अंग बदललं होतं ते गावातली म्हातारी माणसं सांगू शकली असती, पण हद्दीचा दगड सापडत नव्हता. झाड शेताच्या मधोमध ठेवलं असतं तर प्रश्न नव्हता, असं तो म्हणाला. शेताच्या मधोमध साग कोण ठेवतो? झाड ठेवायची जागा म्हणजे धुराच. पिढ्यान्‌पिढ्या सगळे तेच करत आले आणि आमच्या बाबांनीही तेच केलं, हीच त्यांची चूक.

आता संयुक्त मोजणी लागणार होती. महसूल, वन आणि भूमी अभिलेख या तिघांची माणसं एकाच दिवशी एकाच धुऱ्यावर यायला हवी होती. ती कधी आली नाहीत. दोघं यायचे, तिसरा निवडणुकीच्या कामाला. तिघांची तारीख ठरली की पाऊस. मी वरोऱ्याहून रजा टाकून यायचो, चहा-पोह्यांची तयारी असायची, आणि दुपारी आई ते पोहे शेजारी वाटून टाकायची. ग्रामसभेनं ठराव करून दिला की ही झाडं गुरुजींचीच आहेत, आम्ही ती वाढताना पाहिली आहेत. तो ठराव फाइलला लागला, बस.

तोवर घर उभं राहिलं होतं. भिंती झाल्या, पत्रे चढले, आणि समोर दरवाज्याच्या जागी भगदाड. आता कोणतंही एक दार बसवून घेऊ, असं मी म्हणालो. बाबा म्हणाले, परवानगी येऊनच राह्यली. शेवटी आईनं गावातल्या बुरडाकडून ताटी करून आणली आणि त्या भगदाडाला लावली. विटांच्या नव्या घराला बांबूची ताटी. बाबा रोज सकाळी ती उचलून बाजूला ठेवायचे. मला ते पाहवायचं नाही.

मूलहून एक मिस्त्री यायचे. त्यांचं घराणंच सुतारकामातलं, मुसलमान, बाबांचे जुने विद्यार्थी. दरवाज्याचं माप त्यांनी केव्हाच घेऊन ठेवलं होतं. तिसऱ्या वर्षी ते ताटीसमोर उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, खफा नका होऊ. माझ्याकडे चौकट तयार आहे. असली साग. फक्त कागद नाई."

"कोणाच्या झाडाची?"

"ते आपण इचारत नसतो गुरुजी."

"मंग मीबी घेत नसतो."

मिस्त्री हसले, पण त्यांचा चेहरा पडला होता. जाताना मला म्हणाले, "सर, ज्याले चोरायचं त्याले एक दिवस लागते. ज्याले इमानदारीनं पाहिजे त्याले तीन वर्षं. धंदा कोणाचा चालन, तुम्हीच सांगा." मी वर्गात दोन तास घेऊन जे सांगायचो ते त्यांनी सायकलवर टांग टाकता टाकता सांगितलं.

याच सुमारास आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं सागवान लागवडीच्या कुठल्याशा कंपनीचं प्रमाणपत्र घेतलं. रंगीत कागद, त्यावर झाडाचं चित्र, वीस वर्षांनी लखपती. झाड कुठं आहे ते त्यानं पाहिलं नव्हतं, पाहायची गरजही नव्हती. स्टाफरूममध्ये सगळे तो कागद हातात घेऊन पाहत होते आणि मी खिडकीबाहेर पाहत होतो. कागदावरच्या सागाला कोणी हद्द विचारत नव्हतं.

आमच्या भागाचे वनपाल वाईट गृहस्थ नव्हते. ते याच मुलखातले. चहाला बसले की बूट काढून बसायचे. एकदा मी त्यांच्यावर चांगलाच घसरलो. म्हणालो, झाडाचा पैसा झाडवाल्याला मिळू द्या, मग बघा, याच बायका साग उपटण्याऐवजी लावतील. तुमच्या कायद्यानं जितके साग वाचले असतील त्याहून जास्त रोपं या गावच्या बायकांनी मारली आहेत. माझ्या आईकडूनच सुरुवात करा मोजायला.

त्यांनी चहा संपवला. "सर, तुमचं खरं असन. पण माही बाजू ऐका. तुमच्या दोन झाडाले लाकूड न्याचा पास देला. त्याच पासावर जंगलातले दहा झाडं निंघून गेले, तं म्या कोणाले पकडू? लाकडावर नाव थोडीच लिहून राह्यते. मालकीच्या नावावर सारा जंगल जाईन एक दिवस."

"म्हणून मालकालाच पकडायचं?"

"मालक पळून नाई जात न," ते म्हणाले आणि बूट चढवायला वाकले. बाबा मधे पडले, "जाऊ दे गा. ते बी नोकरीच करून राह्यले."

मग एका उन्हाळ्यात, सकाळी, तिसरा साग धुऱ्यावर नव्हता. बुंधा तेवढा होता, ओलसर, आणि शेंडा नाल्यात पडलेला. मी सुट्टीत घरी होतो. बाबा त्या बुंध्यापाशी थोडा वेळ उभे राहिले, मग घरी आले, धुतलेला सदरा घातला आणि स्वतः सायकल काढून वनपालांकडे कळवायला गेले. मी नको म्हणालो होतो. कळवलं नाही तर गुन्हा आहे, असं त्यांचं म्हणणं.

पंचनामा झाला. त्यात एक वाक्य होतं, की सदर मालकानं याच झाडांच्या तोडीसाठी पूर्वी अर्ज केलेला आहे. बस, तेवढंच. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण त्या एका वाक्यासाठी बाबांना जबाबाला तीनदा तालुक्याला बोलावलं. घराची झडती झाली. नव्या घरात लाकूड शोधायला आलेल्या माणसांना आधी ताटी उचलून बाजूला ठेवावी लागली. त्यातला एक जण ती ताटी हातात धरून क्षणभर थबकला, आणि मग त्यानं ती हळूच भिंतीला टेकवली. त्याला लाज वाटली असावी. मला फार राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

तिसऱ्या जबाबाहून आम्ही एसटीनं परतत होतो. गाव जवळ आल्यावर बाबा म्हणाले, "बाकावर बसवलं मले. समोर माह्याच शाळेतला पोट्टा. गुरुजी म्हणाला, पण कागदावर संशयित लिहिलं."

काही आठवड्यांनी वनखात्यानं एका ट्रॅक्टरमधून बरंच चोरटं लाकूड पकडलं. वनपाल मुद्दाम घरी सांगायला आले, कारण बाबांवरचा संशय फिटला होता. बाबा म्हणाले, मले पाहू द्या. आम्ही दोघं वनखात्याच्या लाकूड आगारात गेलो. ओंडक्यांचे ढीग लागले होते, प्रत्येकाच्या तोंडावर हातोड्याचा शिक्का. बाबा ढिगामागून ढीग पाहत चालले. एका ओंडक्यापाशी थांबले आणि त्यांनी तळहात ठेवला. खिळ्याची गाठ होती ती.

"हे माहं."

वनपालांनी मान हलवली. त्यांनाही पटलं होतं. पण ते लाकूड आता मुद्देमाल होतं आणि पुढे लिलावात जाणार होतं. बाबांनी विचारलं, मी विकत घेऊ काय? स्वतःचं झाड, विकत. वनपाल खाली पाहत म्हणाले, "गुरुजी, लिलाव पूर्ण ढिगाचा होते. एक लाकूड नाई भेटत. आन त्याले नोंदणी असलेला व्यापारी लागते."

बाबांनी वाद घातला नाही. कायदा आहे म्हटल्यावर ते कधीच वाद घालत नसत. त्यांनी गाठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि आम्ही निघालो. मी आयुष्यभर बाजार आणि सरकार यांच्यावर बोलत आलो. त्या दिवशी आगाराच्या फाटकाबाहेर उसाचा रस पिताना मला दोन्हींचा सारखाच कंटाळा आला. तो अजून गेलेला नाही. वर्गात शिकवतो, मुलं वहीत उतरवून घेतात, मी फळा पुसतो.

त्या दिवाळीआधी बाबांनीच मिस्त्रींना निरोप धाडला की लोखंडी दार आणा. दार आलं, बसलं. रंगाऱ्यानं विचारलं, तपकिरी रंग देऊन वर लाकडाच्या रेषा काढून देऊ का, हुबेहूब साग दिसेल, आजकाल सगळे तसंच करून घेतात. बाबा म्हणाले, "नको. लोखंड आहे तं लोखंडच दिसू द्या." ताटी आईनं गोठ्यात नेऊन ठेवली. संयुक्त मोजणीची तारीख त्यानंतरही दोनदा आली. दोन्ही वेळा कोणी आलं नाही, आणि आम्हीही वाट पाहिली नाही.

आई गेली. बाबा थकले. मी रविवारी वरोऱ्याहून यायचो आणि त्यांना काठीच्या आधारानं शेतावर न्यायचो. सहा साग अजून उभे होते, पण बाबा आता मिठी मारत नसत, वरही पाहत नसत. एका पावसाळ्यात, धान निसवून लोंब्या यायच्या आधी, आम्ही धुऱ्यानं चाललो होतो. मी पुढे, ते मागे. काठी थांबल्याचा आवाज आला म्हणून मी वळलो. ते वाकले होते. त्यांच्या पायाशी, जुन्या बुंध्याला लागून, दोन मोठ्या पानांचं सागाचं रोप होतं. मला वाटलं, त्याच्याभोवतीचं गवत काढताहेत. त्यांनी ते रोप मुळाशी धरलं, दोन्ही हातांनी ओढून काढलं, मुळाची माती झटकली, आई झटकायची तशी, आणि नाल्यात भिरकावून दिलं.

मग ते तिथंच धुऱ्यावर बसले. पान हातात चुरगळलं होतं, बोटं लाल झाली होती. ती त्यांनी धोतराला पुसली, पण रंग निघाला नाही.

"तुले तवा उगाच मारलं बाबू," ते म्हणाले.

मी हात देऊन त्यांना उठवलं. पुढे धुऱ्यावर आणखी दोन रोपं होती. तीही त्यांनीच उपटली, मला वाकू दिलं नाही.